७१० फ्रीवेचा न बांधलेला तुकडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचच्या बंदरातून उत्तरेला निघालेला ७१० फ्रीवे अल्हाम्ब्राच्या वेशीवर एका सिग्नलपाशी संपतो. साडेचार मैल पुढे पॅसडीनात तोच फ्रीवे पुन्हा दिसतो आणि तिथेही जेमतेम अर्धा-पाऊण मैल चालतो. मधला भाग कधी बांधलाच गेला नाही. कॅलटेक विद्यापीठ, जेपीएल (नासाची प्रयोगशाळा) किंवा कॅल स्टेट एलए (राज्य विद्यापीठ) इथे शिकायला-नोकरीला आलेली मराठी मंडळी या रस्त्याबद्दल तेच तेच प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी गाडी चालवण्याबद्दलचे, मग इतिहासाचे आणि शेवटी घरं, जमीन आणि कायदा यांचे.

१. हा फ्रीवे नेमका कुठून कुठे जातो? तुटलेला भाग कोणता?

दक्षिणेचा मोठा तुकडा लाँग बीचपासून लॉस एंजेलिस नदीच्या काठाकाठाने वर येतो. कॉम्प्टन, साउथ गेट, बेल, कॉमर्स, ईस्ट एलए, मॉन्टेरे पार्क असं करत तो १० नंबरचा फ्रीवे ओलांडतो आणि व्हॅली बुलेव्हार्डला संपतो. ही लांबी सुमारे २३ मैल, म्हणजे ३७ किलोमीटर. उत्तरेचा छोटा तुकडा पॅसडीनात २१० आणि १३४ जिथे मिळतात तिथून दक्षिणेला निघतो आणि कॅलिफोर्निया बुलेव्हार्डपाशी थांबतो.

या दोन टोकांच्या मध्ये सुमारे साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किलोमीटर, फ्रीवे नाही. त्या पट्ट्यात लॉस एंजेलिस शहराचा एल सेरेनो हा भाग, साउथ पॅसडीना हे स्वतंत्र छोटं शहर आणि पॅसडीनाचा दक्षिण भाग येतो. साउथ पॅसडीना म्हणजे पॅसडीनाचं उपनगर अशी अनेकांची समजूत असते. ती आधी दूर करा, कारण पुढची सगळी गोष्ट या शहराची स्वतःची नगर परिषद आहे यावरच उभी आहे.

२. मी पॅसडीनाला चाललो होतो. जीपीएसने मला मध्येच व्हॅली बुलेव्हार्डवर का उतरवलं?

तुम्ही चुकला नाहीत, फ्रीवेच तिथे संपतो. उत्तरेला जाणाऱ्या लेनवरच्या मोठ्या हिरव्या पाट्यांवर वर्षानुवर्षं 'पॅसडीना' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे नवखा माणूस सरळ चालत राहतो. १० नंबरचा इंटरचेंज मागे पडला, डाव्या हाताला कॅल स्टेट एलएचा परिसर दिसला की समजा, आता फ्रीवेचे शेवटचे मिनिटभर उरले. मग सगळ्या लेन सिग्नलपाशी येतात. समोर रस्ता नाही, डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं.

त्या सिग्नलवर उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळा. थोड्याच अंतरावर फ्रीमाँट ॲव्हेन्यू लागतो, तिथे डावीकडे वळून उत्तर धरा. अल्हाम्ब्रातून हंटिंग्टन ड्राइव्ह ओलांडून तुम्ही साउथ पॅसडीनात शिरता आणि पुढे पॅसडीना ॲव्हेन्यूने शहरात पोचता. नकाशावर हे सगळ्यात जवळचं असलं, तरी फ्रीवेवरची सगळी गर्दी एका साध्या शहरी रस्त्यावर ओतली जात असल्याने सकाळ-संध्याकाळ फ्रीमाँट तुंबलेला असतो. साउथ पॅसडीना हायस्कूल याच रस्त्यावर आहे. शाळा भरताना-सुटताना मुलं रस्त्यावर असली की वेगमर्यादा ताशी २५ मैल असते आणि तिथे दंड होतो. गर्दीच्या वेळी प्रश्न ३ मधले पर्याय बघा.

३. लाँग बीचकडून कारने पॅसडीनाला यायचा चांगला रस्ता कोणता?

पॅसडीनाच्या कुठल्या भागात जायचं आहे त्यावर ते ठरतं.

कॅलटेक किंवा जुन्या पॅसडीनाला जायचं असेल तर ७१० उत्तर, मग ५ उत्तर, मग ११० उत्तर. ११० ग्लेनार्म स्ट्रीटपाशी संपून त्याचाच अरोयो पार्कवे होतो. कॅलटेकसाठी तिथून पुढे कॅलिफोर्निया बुलेव्हार्डला उजवीकडे वळा. ११० चे रॅम्प जुने आणि अवघड आहेत, त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये सविस्तर आहे.

जेपीएल किंवा ला कन्यादाकडे जायचं असेल तर ५ उत्तरवरून २ उत्तर धरा आणि २१० पूर्वला लागा. शहराच्या आत शिरायचं कारणच नाही.

पूर्व पॅसडीना, आर्केडिया वगैरे असेल तर ७१० विसरा. लाँग बीचहून निघतानाच ६०५ उत्तर घ्या. तो थेट २१० ला मिळतो, मग २१० पश्चिम. अंतर जास्त आहे, पण सलग फ्रीवे आहे.

४. घर बदलतोय, यू-हॉलचा ट्रक भाड्याने घेतला आहे. ११० ने जाऊ का?

नाही. डाउनटाउनच्या उत्तरेला पॅसडीनापर्यंतचा ११० म्हणजे अरोयो सेको पार्कवे, आणि त्यावर ६,००० पौंडांपेक्षा (सुमारे २.७ टन) जड ट्रकना बंदी आहे. सामान भरलेला मध्यम आकाराचा यू-हॉल ही मर्यादा सहज ओलांडतो. बहुतेक जीपीएस ॲप साध्या मोडमध्ये गाडीला कारच समजतात आणि बिनदिक्कत ११० सुचवतात. त्यांच्यावर विसंबू नका.

दक्षिणेकडून ट्रक घेऊन येताना दोन सरळ मार्ग आहेत. ५ उत्तर, २ उत्तर आणि १३४ पूर्व हा एक. ६०५ उत्तर आणि २१० पश्चिम हा दुसरा. बंदरातून उत्तरेला जाणाऱ्या कंटेनर ट्रकांनाही असाच वळसा पडतो. सॅन गॅब्रिएल खोऱ्याच्या पश्चिम भागात उत्तर-दक्षिण जाणारा, ट्रकना मोकळा फ्रीवे नाही, आणि ७१० पूर्ण करण्याच्या बाजूने सगळ्यात जोरात मांडला गेलेला मुद्दा हाच होता.

५. ११० वर पहिल्यांदाच गाडी घालतोय. काय सांभाळायचं?

अमेरिकेच्या पश्चिम भागातला हा पहिला फ्रीवे. ३० डिसेंबर १९४० ला तो सुरू झाला आणि तेव्हाच्या गाड्यांसाठी, ताशी ४५ मैलांच्या हिशेबाने आखला गेला. आज मर्यादा ५५ ची आहे, वळणं मात्र तीच.

फ्रीवेवर चढताना बहुतेक ठिकाणी वेग घ्यायला लेनच नाही. रॅम्पच्या टोकाला स्टॉपची पाटी आहे. तिथे पूर्ण थांबायचं, मान वळवून मागे बघायचं आणि मोठी फट मिळाली की शून्यावरून जोरात निघायचं. मागचा कितीही हॉर्न वाजवो, फट मिळाल्याशिवाय हलू नका. उतरताना काही एक्झिटवर ताशी ५ मैलांची पिवळी पाटी दिसेल. ती छापण्यातली चूक नाही. एक्झिटची लेन जवळपास काटकोनात वळून थेट वस्तीच्या गल्लीत जाते. तिथे उतरणारी गाडी फ्रीवेवरच एकदम मंदावते, म्हणून सगळ्यात उजव्या लेनमध्ये पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. लांब जायचं असेल तर मधली लेन बरी. बाजूला गाडी काढायला शोल्डर जवळजवळ नाही. इंजिन कुरकुरत असेल तर चढण्याआधीच विचार करा.

६. गाडीच नाही. लाँग बीच ते पॅसडीना कसं जायचं?

मेट्रोच्या, म्हणजे लॉस एंजेलिस काउंटीच्या वाहतूक संस्थेच्या, ए लाइनने. एकच गाडी, बदलायची गरज नाही. १६ जून २०२३ ला डाउनटाउनखालचा रीजनल कनेक्टर बोगदा सुरू झाला आणि आधीची लाँग बीचची ब्लू लाइन आणि पॅसडीनाची गोल्ड लाइन एकमेकींना जोडली गेली. त्याआधी मध्ये दोनदा गाडी बदलावी लागायची. तिकीट १.७५ डॉलर, प्रवास दीड तासाच्या आसपास. कॅलटेकसाठी लेक किंवा ॲलन स्थानकावर उतरा आणि पुढे चाला किंवा बस घ्या.

फ्रीवेने ज्या दोन शहरांना जोडायचं साठ वर्षं ठरत होतं, त्यांना अखेर रुळांनी जोडलं, आणि तेही साउथ पॅसडीनाच्या मधोमध मिशन स्ट्रीटवर थांबत. ट्रकातला माल रेल्वेने जात नाही हे मान्य, पण माणसांच्या प्रवासापुरतं बघितलं तर या शहराचा वाहतुकीला विरोध होता असं म्हणता येत नाही.

७. आय-७१० आणि एसआर-७१० यांत फरक काय? जुन्या कागदपत्रांत 'रूट ७' कुठून आला?

आंतरराज्य महामार्ग म्हणून आय-७१० हा नंबर दक्षिणेकडून १० नंबरच्या फ्रीवेपर्यंतच लागू होतो. तिथून व्हॅली बुलेव्हार्डपर्यंतचा तुकडा आणि पॅसडीनाचा तुकडा हे राज्य महामार्ग ७१०. चालकाला याने काही फरक पडत नाही, पण सरकारी अहवालात 'एसआर-७१० उत्तर' असं वाचलं तर तो न बांधलेल्या भागाबद्दलचाच आहे असं समजा.

नंबर बदलत गेले आहेत. आधी हा राज्य मार्ग १५ होता. आय-१५ शी गोंधळ होऊ नये म्हणून १९६४ मध्ये तो ७ झाला आणि १९८० च्या दशकात ७१०. नावही सुरुवातीला लॉस एंजेलिस रिव्हर फ्रीवे होतं, १९५४ मध्ये ते लाँग बीच फ्रीवे झालं. १९७० च्या दशकातल्या खटल्यांची कागदपत्रं शोधत असाल तर 'रूट ७' असंच शोधा, '७१०' टाकून हाती काही लागणार नाही.

८. मधला भाग बांधला का नाही?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर : साउथ पॅसडीनाने कोर्टात जाऊन काम थांबवलं, आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू करण्याइतकी मंजुरी आणि पैसा नंतर कधी एकत्र आला नाही. पण हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

१९६४ मध्ये राज्याने मधल्या भागासाठी 'मेरिडियन मार्ग' निश्चित केला. साउथ पॅसडीनातल्या मेरिडियन ॲव्हेन्यूवरून हे नाव पडलं. हा मार्ग शहराला उभा चिरत होता. साउथ पॅसडीना साडेतीन चौरस मैलांहून थोडं लहान. एवढ्या जागेतून आठ-दहा लेनचा फ्रीवे त्याच्या रॅम्पांसकट नेला, तर शाळा एका बाजूला, घरं दुसऱ्या बाजूला अशी गत होते. १९६५ मध्ये दक्षिणेचं काम व्हॅली बुलेव्हार्डपर्यंत आलं. उत्तरेला पॅसडीनाचा तुकडा १९७० च्या दशकात खोदला गेला. मध्ये घरं ताब्यात घेणं चालूच होतं.

दरम्यान १ जानेवारी १९७० ला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा अमलात आला. केंद्राचा पैसा लागणाऱ्या मोठ्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल आणि दुसरे पर्याय कोणते, याचा पूर्ण अहवाल आता आधी द्यावा लागणार होता. ७१० साठी असा अहवाल झालेला नव्हता. १९७३ मध्ये साउथ पॅसडीनाने केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि कामाला मनाई हुकूम मिळाला.

पुढची पंचवीस वर्षं मसुदे, हरकती, सुधारित मसुदे यांत गेली. राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा न्यासाने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत साउथ पॅसडीनाचं नाव घातलं. १९९८ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने जमिनीवरच्या फ्रीवेला अंतिम मंजुरी दिली. १९९९ मध्ये न्यायालयाने तीही रोखली, आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये प्रशासनाने स्वतःच ती मागे घेतली. जमिनीवरून जाणारा फ्रीवे तिथे संपला. त्यानंतरचा काळ बोगद्याचा (प्रश्न १०).

९. एकट्या साउथ पॅसडीनाचाच विरोध होता का? बाकीची शहरं?

बाकीची शहरं दोन तट पाडून होती. अल्हाम्ब्रा, मॉन्टेरे पार्क, रोझमीड, सॅन गॅब्रिएल, सॅन मरिनो यांना फ्रीवे हवा होता, आणि त्यांचं म्हणणं नुसतं टोलवून लावण्यासारखं नव्हतं. फ्रीवे जिथे संपतो तिथली सगळी गर्दी अल्हाम्ब्राच्या फ्रीमाँट आणि ॲटलांटिकसारख्या रस्त्यांवर पसरते. घरासमोरून दिवसभर परक्या गाड्या जाणाऱ्या माणसाला 'जोडा आणि सोडवा' असं वाटणं अगदी साहजिक आहे. अल्हाम्ब्राने १० जुलैला, म्हणजे ७/१० ला, 'दुवा जोडा' म्हणून मेळावेही भरवले.

विरोधात साउथ पॅसडीनासोबत ला कन्यादा, ग्लेनडेल, सिएरा माद्रे होती. ७१० जोडला गेला तर बंदराचे ट्रक २१० वरून आपल्या दारात येतील, ही त्यांची भीती. पॅसडीना मध्येच बदललं. २००१ मध्ये तिथल्या मतदारांनी फ्रीवे पूर्ण करण्याच्या बाजूने कौल दिला होता. २०१५ मध्ये बोगद्याचा अहवाल वाचल्यावर त्याच शहराच्या नगर परिषदेने बोगद्याला विरोध नोंदवला.

१०. वर घरं आहेत म्हणून बोगदा काढायचं ठरलं होतं ना? त्याचं काय झालं?

बोगदा गंभीरपणे तपासला गेला. २०१५ च्या मार्चमध्ये कॅलट्रान्स (राज्याचं परिवहन खातं) आणि मेट्रोने पाच पर्यायांचा मसुदा अहवाल काढला : काहीच न बांधणं, सिग्नल-चौक सुधारणं आणि वाहतुकीची मागणी आवरणं, जलद बस, हलकी रेल्वे आणि फ्रीवे बोगदा.

बोगद्याच्या पर्यायाची एकूण लांबी ६.३ मैल होती. त्यातले ४.२ मैल यंत्राने खोदायचे, थोडा भाग वरून खणून झाकायचा, उरलेला जमिनीवर. प्रत्येक नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ६० फूट, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा. खोली जमिनीखाली १२० ते २५० फूट. दुहेरी रचनेत दोन नळ्या, प्रत्येकीत दोन मजले, मजल्यावर दोन लेन, म्हणजे एका दिशेला चार. एकेरी रचनेत एकच नळी, वरचा मजला एका दिशेला, खालचा दुसऱ्या. खर्चाचा अंदाज एकेरीला ३.१५ अब्ज डॉलर आणि दुहेरीला ५.६५ अब्ज डॉलर.

अडचणी तीन होत्या. पहिली पैशाची. २००८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'मेजर आर' या अर्ध्या सेंटच्या विक्रीकरातून या दुव्यासाठी ७८ कोटी डॉलर ठेवले होते. स्वस्तातल्या एकेरी बोगद्याच्याही पावपट. बाकीचा पैसा टोलमधून येईल असं धरलं, तर टोल चुकवणाऱ्या गाड्या पुन्हा फ्रीमाँटवरच उतरणार. दुसरी अडचण जमिनीची. या पट्ट्याखालून रेमंड, ईगल रॉक, सॅन राफाएल या भूभ्रंशरेषा जातात. खडक सरकला तर अस्तर फुटू नये म्हणून तिथे बोगदा वेगळ्या पद्धतीने बांधावा लागला असता. तिसरी यंत्राची. त्याच सुमाराला सिॲटलमध्ये ५७.५ फूट व्यासाचं बोगदायंत्र २०१३ च्या डिसेंबरमध्ये जमिनीखाली अडकलं आणि ते पुन्हा चालू व्हायला दोन वर्षं लागली. इथलं यंत्र त्याहून मोठं लागणार होतं, आणि वर वस्ती.

२५ मे २०१७ ला मेट्रोच्या संचालक मंडळाने एकमताने बोगदा सोडून दिला आणि सिग्नल-चौक सुधारण्याचा पर्याय उचलला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलट्रान्सने अंतिम अहवालात तोच पर्याय कायम केला.

माझं मत विचाराल तर हा निर्णय बरोबरच होता. उशीर मात्र फार झाला, आणि त्या उशिराची किंमत प्रश्न १३ मधल्या घरांनी मोजली.

११. ७८ कोटी डॉलरचं पुढे काय झालं?

कर रद्द झाला नाही, पैसा त्याच भागात वळवला गेला. आधी निवडलेल्या सुधारणांना, मग आजूबाजूच्या शहरांनी सुचवलेल्या कामांना : सिग्नल एकमेकांशी जुळवणं, डावीकडे वळायच्या लेन लांबवणं, चौक रुंद करणं, बस सुधारणं. ही कामं तुकड्यातुकड्यांत होतात, म्हणून दिसत नाहीत. फ्रीमाँटवर खोदकाम दिसलं की 'फ्रीवे सुरू झाला का?' असं विचारणारे संदेश येतात. नाही, फ्रीवे सुरू झालेला नाही.

१२. पुढेमागे सरकार बदललं तर फ्रीवे पुन्हा येऊ शकतो का?

प्रशासनाच्या एका निर्णयाने येऊ शकत नाही. २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सिनेट विधेयक ७ आणि असेंब्ली विधेयक २९ मंजूर केली. त्यांनुसार १० आणि २१० या फ्रीवेंच्या मध्ये ७१० चा बोगदा किंवा जमिनीवरचा फ्रीवे बांधता येणार नाही, आणि अल्हाम्ब्रा ॲव्हेन्यू ते कॅलिफोर्निया बुलेव्हार्ड हा भाग राज्याच्या फ्रीवे-एक्सप्रेसवे यादीतून १ जानेवारी २०२४ पासून वगळला गेला. पुन्हा बांधायचं तर आधी कायदा बदला, मग नवा अहवाल, मग पैसा आणि मग जमीन. ती जमीन आता विकली जात आहे.

१३. 'कॅलट्रान्सची घरं' म्हणजे काय?

हा या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत दुखरा भाग आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत राज्याच्या महामार्ग खात्याने (पुढे हेच कॅलट्रान्स झालं) फ्रीवेच्या वाटेतली घरं ताब्यात घेतली. पॅसडीना, साउथ पॅसडीना आणि एल सेरेनोत मिळून सुमारे ४६०. फ्रीवे आला नाही आणि प्रकल्प कागदावर जिवंत होता तोवर घरं विकताही आली नाहीत. खातं घरमालक झालं आणि ते पन्नास वर्षं राहिलं.

काही घरांत भाडेकरू टिकले, काहींत पिढ्या वाढल्या. बरीच रिकामी पडली. रुंद पडवीची, लाकडी खांबांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही घरं. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं, कुंपणाला कुलूप, आणि अंगणात मात्र कुणी न लावलेल्या झाडाला संत्री लगडलेली. पॅसडीना ॲव्हेन्यूच्या बाजूने चालत गेलात तर असं घर अजून दिसेल. पाककलेच्या लेखिका ज्युलिया चाइल्ड यांचं बालपणीचं घरही याच यादीत होतं. २०१२ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की भाडं बाजारभावाहून खूप कमी आणि दुरुस्तीचा खर्च अवाढव्य आहे. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या तोंडावर, एल सेरेनोतल्या बेघर कुटुंबांनी यांतली काही रिकामी घरं ताब्यात घेतली, तेव्हा देशभराने हा प्रश्न पहिल्यांदा बघितला.

राहत्या माणसाला घर परवडेल अशा किमतीत मिळावं म्हणून १९७९ मध्येच 'रॉबर्टी कायदा' झाला होता. प्रत्यक्ष विक्रीचे नियम यायला २०१६ उजाडलं. २०२१ मध्ये साउथ पॅसडीना आणि एल सेरेनोतल्या घरांसाठी वेगळे कायदे झाले, जेणेकरून रिकामी घरं स्वस्त घरांच्या साठ्यात जातील.

१४. मग यातलं एखादं घर मला स्वस्तात मिळेल का?

बाहेरून आलेल्या माणसाला जवळपास नाही. घर आधी अशा मूळ मालकाला देऊ केलं जातं, जो अजून त्याच घरात राहतो. मग सध्याच्या भाडेकरूंना, तिथे किती वर्षं राहिले आणि कुटुंबाचं उत्पन्न किती या दोन अटींवर. त्यानंतर गृहनिर्माण संस्थांना. परवडणाऱ्या किमतीत घेतलेल्या घरावर पुनर्विक्रीच्या अटी असतात. ते उद्या बाजारभावाने विकून नफा काढता येत नाही.

'यादीत नाव घालून देतो, आधी काही रक्कम भरा' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. विक्री कॅलट्रान्सच्या जिल्हा ७ कार्यालयाच्या ठरलेल्या नियमांनीच होते.

१५. अशाच घरात मी भाड्याने राहतो. काय जपून ठेवू?

राहण्याचा कालावधी आणि उत्पन्न या दोन गोष्टींचे पुरावे. मूळ भाडेकरार आणि नूतनीकरणाचा प्रत्येक कागद, भाडं भरल्याच्या नोंदी, त्याच पत्त्यावरची वीज-पाण्याची बिलं, दर वर्षीचं कर विवरणपत्र. करार एकाच्या नावावर आणि राहणारा दुसरा असेल तर अडचण इथेच येते. कुटुंबातल्या सगळ्या प्रौढांची नावं करारात घालून घ्या. विक्रीची सूचना टपालाने येते आणि उत्तराला मुदत असते. महिना-दोन महिने भारतात जाणार असाल तर टपाल बघायला कुणाला तरी सांगून जा.

१६. पॅसडीनातला तो खंदक, म्हणजे खोल खणलेला उत्तरेचा तुकडा, आता कुणाचा?

शहराचा. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयोगाने उत्तरेच्या तुकड्याची सुमारे ५० एकर जमीन पॅसडीनाला सोपवली. सोबत ५० लाख डॉलर दिले. २०२३ मध्ये केंद्राच्या 'समाज पुन्हा जोडा' योजनेतून आराखड्यासाठी आणखी २० लाख मिळाले.

हा खंदक खणताना इथली वस्ती उठवली गेली. त्यात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य कुटुंबं मोठ्या संख्येने होती. म्हणून शहराच्या आराखड्यात घरं, रस्ते, बागा यांच्याबरोबर उठवलेल्या कुटुंबांना काय परत द्यायचं हा प्रश्नही आहे. रस्ता सध्या वाहतुकीला खुला आहे. २१० वरून येणाऱ्या गाड्या आजही डेल मार आणि कॅलिफोर्नियापर्यंत उतरतात.

१७. २०२२ मध्ये '७१० रद्द' अशी बातमी होती. ती याचीच ना?

नाही. ती दक्षिणेची. लाँग बीच ते ईस्ट एलए हा बांधलेला फ्रीवे रुंद करण्याचा प्रस्ताव मेट्रोने २०२२ च्या मे महिन्यात सोडला. ट्रकांच्या धुराने आधीच बेजार वस्तीत आणखी घरं पाडावी लागणार होती. मधल्या दुव्याचा निकाल त्याच्या पाच वर्षं आधीच लागला होता (प्रश्न १०).

१८. असे तुटलेले फ्रीवे आणखी कुठे आहेत?

बरेच. लॉस एंजेलिसमध्येच २ नंबरचा ग्लेनडेल फ्रीवे एको पार्कच्या अलीकडे अर्धवट संपतो, कारण पुढचा बेव्हर्ली हिल्स फ्रीवे १९७० च्या दशकात रद्द झाला. पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीत आय-९५ चा असाच तुकडा गळाला होता. तिथे नवा मार्ग न बांधता पेनसिल्व्हानिया टर्नपाइकला जोडणारा इंटरचेंज बांधला आणि २२ सप्टेंबर २०१८ ला आय-९५ सलग झाला. ७१० ला असा शेजारचा तयार मार्ग मिळण्यासारखा नव्हता, कारण सगळ्यात जवळच्या ११० वर ट्रकना बंदी (प्रश्न ४).

१९. साउथ पॅसडीनात घर बघतोय. जुन्या नकाशात घरावरून तुटक रेघ जाते. घेऊ का?

ती रेघ १९६४ च्या मेरिडियन मार्गाची. फ्रीवे म्हणून तिला आता काही अर्थ नाही (प्रश्न १२). पण घर त्या रेघेवर असेल तर टायटल कंपनीकडून (मालकीहक्काची कागदपत्रं तपासणारी कंपनी) मागच्या सगळ्या मालकांची साखळी मागवा. मध्ये राज्याचं नाव आलं तर त्यानंतरच्या विक्रीखतातल्या अटी शब्दन्‌शब्द वाचा : पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा आहे का, स्वतः राहण्याची सक्ती आहे का, भाड्याने द्यायला मनाई आहे का. शिवाय घर तपासणाऱ्याला छप्पर, पाया, जुनी वायरिंग आणि गटाराची लाइन वेगळी तपासायला सांगा. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या घरात बिघाड याच चार ठिकाणी निघतो. लाइनमध्ये कॅमेरा घालून पाहायचे थोडे जास्त पैसे पडतात, तेवढे द्या, कारण अंगणातल्या जुन्या झाडांची मुळं पाइपात शिरलेली असतात आणि वरून काहीच कळत नाही.